लेव्हल उतरवताना कारण सांगा : श्रम मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री आणि मंत्रालयातील संबंधित अधिकारी,
श्रम शक्ती भवन, रफी मार्ग, नवी दिल्ली.

विषय : फ्रीलान्स बाजारपेठांवरील रेटिंग व लेव्हल यांच्या पद्धतींची कायद्याने दखल घेण्याबाबत.

महोदय,

मी कोल्हापुरात राहते आणि पुस्तकांची पाने लावण्याचे काम करते. पूर्वी शाहूपुरीतल्या एका छापखान्यात डीटीपी ऑपरेटर होते. २०१६ पासून घरी बसून, इंटरनेटवरच्या एका फ्रीलान्स बाजारपेठेमार्फत, परदेशातल्या लेखकांची पुस्तके छपाईसाठी आणि ई-पुस्तकासाठी तयार करून देते. समास किती सोडायचा, तळटीप पान ओलांडून पुढे जाऊ द्यायची की नाही, कागदाच्या जाडीप्रमाणे मुखपृष्ठाची पाठ किती मिलिमीटर धरायची, यात माझा दिवस जातो. त्या बाजारपेठेचे नाव मी या पत्रात घेत नाही, कारण अशा बाजारपेठा विक्रेत्याची लेव्हल, म्हणजे तिथल्या दर्जाची पायरी, कारण न सांगता उतरवतात ही माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही आणि खरे सांगायचे तर मला अजून तिथेच काम करायचे आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तेव्हा मी तिच्यातली प्लॅटफॉर्म कामाची व्याख्या काढून वाचली. मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर राहून, ऑनलाइन व्यासपीठाच्या मदतीने दुसऱ्याची ठरावीक अडचण सोडवून देणे किंवा त्याला ठरावीक सेवा देणे, असा तिचा आशय आहे. मी नेमके हेच करते. संहितेच्या सातव्या अनुसूचीत टॅक्सी, खाद्यपदार्थ आणि मालवाहतूक यांच्याबरोबर व्यावसायिक सेवा, तसेच आशय आणि माध्यम सेवा पुरवणारी व्यासपीठेही आहेत. म्हणजे कागदावर आम्ही आहोत. मात्र गिग कामगारांचा विषय निघाला की वृत्तपत्रांतल्या छायाचित्रात, परिसंवादात आणि विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांत दुचाकीवरचा मुलगा दिसतो. त्याचे हाल रस्त्यावर दिसतात, ते दिसलेच पाहिजेत. घरातल्या खोलीत संगणकासमोर बसलेल्या माणसाचे नुकसान कोणाच्या नजरेस पडत नाही, एवढाच फरक आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ऑनलाइन लेबर इंडेक्समध्ये असे काम पुरवणाऱ्या देशांत भारताचा वाटा सर्वांत मोठा दिसतो. तरी आमचा उल्लेख तळटिपेतच होतो.

संहितेच्या कलम ११४ खाली आयुर्विमा व अपंगत्वाचे संरक्षण, अपघात विमा, आरोग्य व मातृत्व लाभ, वृद्धापकाळाची सोय अशा योजना आखता येतात आणि त्यासाठी व्यासपीठांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची आहे. हे स्वागतार्ह आहे. पण उद्या माझ्याकडे काम येणार की नाही हे ज्या आकड्यावर ठरते, त्या आकड्याबद्दल संहितेत काहीही नाही.

तो आकडा कसा चालतो हे थोडे विस्ताराने सांगते, कारण ज्यांनी अशा बाजारपेठेवर कधी काही विकले नाही त्यांना तो हॉटेलच्या रेटिंगसारखा वाटतो. इस्रायलमध्ये २०१० साली सुरू झालेल्या फायव्हरचे उदाहरण घ्या. तिथे विक्रेत्यांच्या पायऱ्या आहेत : नवा विक्रेता, पहिली लेव्हल, दुसरी लेव्हल आणि सर्वांत वर टॉप रेटेड. २०१८ मध्ये या कंपनीने दरमहा आढाव्याची पद्धत आणली. मागच्या ६० दिवसांत ९० टक्के चौकश्यांना वेळेत उत्तर, ९० टक्के ऑर्डर पूर्ण आणि ९० टक्के ऑर्डर वेळेवर अशा अटी होत्या आणि दर महिन्याच्या १५ तारखेला निकाल लागे. २०२४ पासून तिथे सक्सेस स्कोर नावाचा १ ते १० असा गुणांक आला. अमेरिकेतल्या अपवर्कवर जॉब सक्सेस स्कोर टक्क्यांत असतो आणि वरचा बिल्ला मिळायला तो किमान ९० लागतो. दोन्हीकडे या गुणांकात खरेदीदाराने कंपनीला खासगीत कळवलेले मत धरले जाते आणि ते मत विक्रेत्याला दाखवले जात नाही.

लेव्हल हे भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र असते तर मी हे पत्र लिहिले नसते. शोधाच्या यादीत आपण कितव्या पानावर दिसू, किती सेवा विकायला ठेवता येतील, पैसे कधी हाती येतील, हे सगळे तिच्याशी बांधलेले असते. फायव्हरवर पूर्ण झालेल्या कामाचे पैसे मोकळे व्हायला सर्वसाधारण विक्रेत्याला १४ दिवस थांबावे लागते आणि टॉप रेटेड विक्रेत्याला ७. ज्याला उसनवारीवर महिना काढावा लागतो त्यालाच जास्त थांबायला लावणारी ही रचना आहे. कंपनीचा वाटा मात्र सगळ्यांकडून सारखाच, शंभर डॉलरमागे वीस.

आता थोडा हिशेब. वेळेवर काम देण्याचे प्रमाण ९० टक्के हवे, ही अट ऐकायला उदार वाटते, कारण दहातला एक उशीर माफ आहे. पण ज्याच्याकडे ६० दिवसांत दहापेक्षा कमी ऑर्डर येतात त्याला तो एक उशीरही परवडत नाही. सहापैकी एक उशिरा गेली की प्रमाण ८३.३३ वर येते. नऊपैकी एक गेली तरी ८८.८९. म्हणजे लहान विक्रेत्यासाठी ९० टक्क्यांचा अर्थ शंभर टक्के होतो आणि महिन्याला पन्नास ऑर्डर करणाऱ्या एजन्सीसाठी त्याच अटीत दहा उशीर बसतात. तारकांचेही तसेच आहे. पाच ऑर्डरना पाच-पाच तारका मिळालेल्या नवख्या विक्रेत्याला सहावा खरेदीदार एक तारका देऊन गेला तर सरासरी ४.३३ होते आणि अटीत लागणाऱ्या ४.७ पर्यंत परत चढायला त्याला पाच तारकांच्या आणखी आठ ऑर्डर सलग लागतात. हाच एक तारकेचा शेरा तीनशे पूर्ण गुणांवर पडला तर सरासरी ४.९९ राहते. नियम सर्वांना एकच आहे आणि त्याचा मार मात्र एकाच टोकाला बसतो.

तो मार मला ऑगस्ट २०१९ मध्ये बसला. त्या महिन्यात पंचगंगेला महापूर आला. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. आमच्या भागात वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. मी संगणकाचा सीपीयू चादरीत गुंडाळून बहिणीकडे दुसऱ्या मजल्यावर नेला आणि तिथे नुसती बसून राहिले, कारण तो चालवायला वीजच नव्हती. हातात चार ऑर्डर होत्या, त्यांतल्या दोन उशिरा गेल्या. त्या दोन्ही लेखकांनी काहीच कुरकुर केली नाही. एकाने तर पुराची बातमी पाहून, तू सुरक्षित आहेस का, असे विचारले होते. पण मागच्या ६० दिवसांत माझ्या एकूण नऊ ऑर्डर झाल्या होत्या आणि नऊपैकी दोन म्हणजे ७७.७८ टक्के. लेव्हल उतरली. मदत कक्षाला मी महामार्गाच्या फोटोसह सविस्तर लिहिले. तीन ओळींचे उत्तर आले : आढावा आपोआप होतो, त्यात आम्हाला बदल करता येत नाही, पुढच्या महिन्यासाठी शुभेच्छा. मी पुन्हा लिहिले, पुन्हा त्याच तीन ओळी आल्या. महिन्याला आठ-नऊ चौकश्या येत होत्या, त्या दोनवर आल्या. चौकश्या कमी म्हणून ऑर्डर कमी, ऑर्डर कमी म्हणून प्रमाण सुधारायला वाव कमी, अशा फेऱ्यात पाच महिने गेले.

पुराचे निदान कारण तरी मला ठाऊक होते. दुसऱ्यांदा लेव्हल उतरली तेव्हा तेही नव्हते. सगळ्या ऑर्डर वेळेवर, सगळ्यांच्या तारका पाच, जाहीर शेऱ्यांत कौतुक, आणि तरी एका सकाळी बिल्ला गेलेला. कुणीतरी जाहीरपणे पाच तारका देऊन खासगीत काही वेगळे सांगितले असावे, एवढाच तर्क उरला. मी एक वही घेतली आणि मागच्या अकरा ऑर्डर एकाखाली एक लिहिल्या. पुढे रकाने आखले : किती दुरुस्त्या मागितल्या, शेवटच्या निरोपाचा सूर कसा होता, धन्यवाद म्हटले की नाही, दर जास्त वाटल्याचे बोलला का. एका कवितासंग्रहाच्या लेखिकेपुढे मी प्रश्नचिन्ह केले, कारण ओळ कुठे तोडायची यावर आमचे दुमत झाले होते. एका पाकशास्त्राच्या पुस्तकापुढेही केले, कारण चौथी मोफत दुरुस्ती मी नाकारली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे. आज पाहताना मला तिची लाज वाटते, कारण ज्या माणसांनी माझ्या कामाचे पैसे चोख दिले त्यांची मी संशयितांसारखी यादी केली होती. आणि एवढे करून कामात काय सुधारायचे हे कळलेच नाही. छापखान्यात आमचे मालक प्रूफ तोंडावर फेकायचे, पण कुठल्या पानावर कुठली ओळ चुकली हे त्यावर लाल शाईने लिहिलेले असायचे.

हे माझे एकटीचे वैगुण्य नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले संशोधक हातिम रहमान यांनी अशाच एका बाजारपेठेवरच्या कामगारांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. गुणांक कसा ठरतो हे कळेनासे झाल्यावर काही जण निरनिराळे प्रयोग करून पाहू लागले आणि काहींनी तिथे नवे काम घेणेच कमी केले, असे त्यांना आढळले. व्यासपीठावर कोण किती अवलंबून आहे आणि गुणांक आधी घसरलेला आहे का, यावर ते वागणे ठरत होते. माझ्या ओळखीतही मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. अवघड काम, म्हणजे गणिताचे पुस्तक किंवा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीतला मजकूर, आता आमच्यापैकी बरेच जण घेत नाहीत, कारण त्यात दुरुस्त्या वाढतात आणि दुरुस्त्या वाढल्या की मत बिघडण्याचा धोका वाढतो. ज्या कामातून आम्ही काही शिकलो असतो तेच आम्ही टाळतो.

खरेदीदारांनाही हे गणित कळलेले आहे. ठरलेल्या तीन दुरुस्त्या संपल्यावर मुखपृष्ठाचा वेगळा नमुना फुकट मागणारा माणूस धमकी देत नाही. तो फक्त लिहितो की मला तुम्हाला चांगला शेरा द्यायचा आहे. मी तो नमुना करून देते. उत्तरांचे प्रमाण राखण्यासाठी आम्ही काय काय करतो हे सांगितले तर हसू येईल. मावसबहिणीच्या हळदीत एका अनोळखी माणसाचा निरोप आला, तेव्हा हात धुवायलाही न थांबता मी 'नमस्कार, उद्या सविस्तर लिहिते' असे टाइप केले. फोनच्या कडेला लागलेला तो पिवळा डाग बरेच दिवस होता. उत्तराला २४ तासांची मुदत होती, रात्रीपर्यंत थांबले असते तरी चालले असते, पण २०१९ नंतर थांबण्याची सवयच गेली आहे.

दुसरी बाजूही मला मांडलीच पाहिजे. रेटिंग नसते तर टेक्सासमधल्या लेखकाने शाहूपुरीतल्या डीटीपी ऑपरेटरला आगाऊ पैसे कशाच्या भरवशावर दिले असते? माझी ना पदवी मोठी, ना कुणाशी ओळख. त्या तारकांनीच मला ओळख दिली. फसवणारे विक्रेते असतात, दुसऱ्याची मुखपृष्ठे उचलून विकणारे मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांना बाजूला सारणारी काही व्यवस्था हवीच. खासगी मत कंपन्यांनी का आणले हेही समजते. जाहीर तारका देताना लोक भिडेखातर पाचच देतात, त्यामुळे हळूहळू सगळ्यांनाच पाच मिळू लागतात आणि त्या तारकांना अर्थ उरत नाही. पद्धत पूर्ण उघड केली तर लबाड लोक तिच्यातून वाट काढतील, हा कंपन्यांचा युक्तिवादही खोटा नाही. पण परीक्षेचा पेपर गुप्त ठेवणे आणि निकालानंतर उत्तरपत्रिका न दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला खरेदीदाराचे नाव नको आहे. मत संवादाबद्दल होते, मुदतीबद्दल होते की कामाच्या दर्जाबद्दल, एवढे सांगितले तरी त्या वहीची गरज उरणार नाही.

यातले काहीही आपल्या कायद्याला अपरिचित नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे बाजारपेठ चालवणाऱ्याने विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो आणि त्या निकषांना किती वजन आहे, हे सोप्या भाषेत जाहीर करायचे असते. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मधल्या ई-कॉमर्सच्या बाजार-अभ्यासात शोधातील क्रमवारी आणि ग्राहकांचे शेरे यांबाबत पारदर्शकतेची अपेक्षा व्यक्त केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९००० हे ऑनलाइन शेऱ्यांविषयीचे मानक आले, तेही ऐच्छिक. अडचण अशी आहे की हे सगळे भारतीय ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. माझा ग्राहक टेक्सासमध्ये आहे आणि विक्रेता भारतीय आहे. ग्राहक व्यवहार विभागाने मला विक्रेता म्हणावे आणि श्रम मंत्रालयाने कामगार म्हणावे, आणि दोन्हीकडच्या नियमांत माझा प्रश्न बसू नये, अशी ही मधली जागा आहे.

युरोपीय संघाने १२ जुलै २०२० पासून लागू केलेल्या नियमावलीत व्यासपीठांवरच्या व्यावसायिक विक्रेत्याची सेवा रोखताना लेखी कारण देणे, ती कायमची बंद करायची असल्यास ३० दिवस आधी कळवणे, क्रमवारीचे मुख्य निकष करारातच सांगणे आणि मोठ्या व्यासपीठांनी अंतर्गत तक्रार-निवारण ठेवणे अशा तरतुदी केल्या. ती नियमावली युरोपातल्या विक्रेत्यांपुरती आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट दिसून आली, की कारण सांगितल्याने अशा बाजारपेठा बुडत नाहीत. आपल्याकडे कर्नाटकाने २०२५ च्या गिग कामगार कायद्यात स्वयंचलित निर्णयपद्धतींची माहिती कामगाराला देण्याची आणि काम बंद करण्यापूर्वी १४ दिवसांची कारणासह सूचना देण्याची तरतूद केली आहे. कोल्हापूरहून निपाणी तासाभराच्या अंतरावर आहे. तिथल्या कामगाराला जे राज्याच्या कायद्याने मिळू शकते ते इथे मिळू नये, याला हद्दीखेरीज काही कारण नाही, आणि इंटरनेटवरच्या कामाला तर हद्द लागूच पडत नाही. म्हणून हे केंद्राने करावे असे मला वाटते.

रेटिंगचा विषय कलम ११४ मधल्या योजनांत बसत नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी संहितेत दुरुस्ती करायची, स्वतंत्र नियम करायचे की ग्राहक व्यवहार विभागाबरोबर बसून ई-कॉमर्सच्या नियमांतच विक्रेत्याची बाजू घालायची, हे ठरवण्याचे काम आपले आहे. माझे म्हणणे एवढेच की लेव्हल उतरवण्याआधी विक्रेत्याला काही दिवसांची सूचना आणि कारण मिळावे, आणि त्या मुदतीत त्याने हरकत घेतली तर ती माणसाने वाचून निर्णय द्यावा. जिथे शासनाने आपत्ती जाहीर केली आहे तिथले ते दिवस गणनेतून वगळले जावेत. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हा पुरावा म्हणून कोणत्याही कंपनीला पुरेसा असायला हवा. टक्केवारीच्या अटी किमान ऑर्डरसंख्येनंतरच लागू व्हाव्यात, म्हणजे सहा ऑर्डरवाल्याची टक्केवारी काढण्याचा प्रकार थांबेल. आणि आपण केलेल्या कामाची नोंद, म्हणजे किती ऑर्डर, किती वर्षे, जाहीर शेरे कोणते, ही विक्रेत्याला दुसरीकडे नेता यावी. नऊ वर्षांचे काम आज एका कंपनीच्या संगणकावर आहे. तिने उद्या खाते बंद केले तर नव्या बाजारपेठेवर मी 'नवा विक्रेता' असेन. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये, ज्या माहितीच्या आधारे एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाणार आहे ती माहिती पूर्ण आणि अचूक असावी, अशी जबाबदारी माहिती हाताळणाऱ्यावर टाकली आहे. माझ्याबद्दलचे गुप्त मत अचूक आहे की नाही हे मला ते न दाखवता कोण तपासणार, हा प्रश्न त्या अधिनियमाच्या अंमलबजावणीतही यावा.

कंपन्या परदेशी आहेत, त्या ऐकतील का, असे मला अनेकांनी विचारले. विक्रेत्यांचा एवढा मोठा भाग ज्या देशातून येतो त्या देशाचे म्हणणे त्यांना ऐकावे लागेल, असे मला वाटते. शिवाय ई-कॉमर्सचे नियम भारताबाहेर स्थापन झालेल्या कंपन्यांनाही लागू आहेतच, त्या भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विकत असतील तर. तोच न्याय भारतातल्या विक्रेत्यांकडून पद्धतशीरपणे कमिशन घेणाऱ्यांना लावता येईल.

संहितेप्रमाणे गिग व प्लॅटफॉर्म कामगारांच्या प्रश्नांसाठी राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा मंडळावर केंद्र सरकारने कामगारांचे पाच प्रतिनिधी नेमायचे आहेत, आणि व्यासपीठांचेही पाच. त्या पाच कामगारांपैकी एक तरी घरी बसून काम करणारा असावा : अनुवादक, चित्रकार, कोड लिहिणारा, पाने लावणारा, कोणीही. बाकीचे चार जण रस्त्यावरचे प्रश्न मांडतील तेव्हा या पाचव्याने महिन्याच्या आढाव्याच्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर आपण काय पाहतो, ते मंडळाच्या बैठकीत आपल्या फोनवर उघडून दाखवावे.

आपली विश्वासू,
पुस्तकांची पाने लावणारी एक फ्रीलान्सर, कोल्हापूर